जाळीतली उदबत्ती

वरंधची दर्शना पोलादपूरजवळच्या एका शाळेत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होती. नऊ वर्षं झाली तरी हेडक्लार्क कमलाकर नाना तिला पोरीच म्हणायचे. सोमवार करायची, निघताना देवाला हात जोडायची, आणि आपण बरं नि आपलं काम बरं. वर तोंड करून ती कधी कुणाशी बोलली नव्हती.

त्या बुधवारी ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर सुरू केला की पाच मिनिटांत बंद पडू लागला. दहावीच्या बेचाळीस मुलांचे परीक्षेचे अर्ज दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरायचे होते. महाडचा दुरुस्तीवाला शनिवारी येतो म्हणाला. दर्शनाचा भाऊ भरत मुंबईत हेच काम करतो. त्याने फोनवरच ओळखलं, प्रोसेसर तापतोय, जुन्या पंख्यात दम राहिला नाही. त्याने प्रोसेसरवर बसणारा मोठा कूलर घेतला आणि संध्याकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती दिला. बसवायचा मात्र तिनेच.

सकाळी नाना यायच्या आधीच तिने कॅबिनेटचं झाकण काढलं आणि ओढणी नाकाला लावली.

नाना ऑफिस उघडलं की कॅबिनेटच्या वरच्या जाळीत दोन उदबत्त्या खोचायचे, हळदकुंकू वाहायचे, वर फुलं. दसऱ्याला अक्षता नि नारळाचं पाणी. यात सरस्वती आहे, उघडायचं नाही, अशी त्यांची ताकीद. आता ते सगळं तिच्यासमोर होतं. राखेचा तेलकट थर, काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, पोरकिडे लागलेले तांदूळ, झुरळांच्या लेंड्या. पंख्याच्या पात्यांवर कुंकवाचा चिखल, आणि त्यात चिकटून वाळलेलं पालीचं पिल्लू. घाणीपेक्षा, याला पूजा म्हणत आपणही रोज हात जोडले, याचीच जास्त किळस वाटली.

तिने ते सगळं ब्रशने रद्दी पेपरवर ओढलं. जुना पंखा काढला, खाली प्रोसेसरवर सुकलेली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट स्पिरिटने पुसली. बोर्डाच्या मागून कूलर धरून ठेवणारी पट्टी लावली, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. कूलरच्या तळाचं प्लास्टिक सोलायला विसरू नको, असं भरतने तीनदा बजावलं होतं. ते सोललं, कूलर बसवला आणि चारही स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळले.

तेवढ्यात नाना आले. पेपरवरचा ढीग बघून दुखावले. "निर्माल्य आहे ते, पोरी. केरात घालू नकोस."

"निर्माल्य त्याच दिवशी काढतात, नाना. हे नऊ वर्षं कुजलंय."

तिने झाकण लावून कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीन उजळली तशी नानांनी दोन उदबत्त्या पेटवल्या आणि सवयीने जाळीकडे हात नेला. दर्शनाने जाळीवर पंजा ठेवला.

"हितं नाय, नाना."

"देवाची पूजा अडवतेस? तुझं कंत्राट मार्चात संपतंय, ध्यानात आहे ना?"

"हाय ध्यानात. देवीचा फोटो भिंतीवर हाय, तिथं लावा. ह्यात बेचाळीस पोरांचं वर्ष हाय."

राख तिच्या बोटांवर पडली. हात तिने काढला नाही. नानांनीच मग पाठ फिरवली.

कॉम्प्युटर दिवसभर एकदाही बंद पडला नाही. सव्वापाचला शेवटचा अर्ज गेला. नानांनी भिंतीवरच्या देवीपुढे नारळ फोडला, सगळ्यांना वाटला, न बोलता एक तुकडा तिच्याही टेबलावर ठेवला. प्रसाद तिने आजवर कधी नाकारला नव्हता. उचलून कपाळाला लावला, पण तोंडात घालवेना. कागदात गुंडाळून तिने तो पिशवीत टाकला आणि पुन्हा एकदा साबणाने हात धुवायला गेली.