हवालदारांची कंपनी

“ती बाई एकटीच जेवती व्हय रं?”

खिडकीबाहेर हवालदार भट्टीवाल्याला विचारत होते. मी ऐकलं आणि उघडलेला डबा टाइपरायटरमागे सरकवला.

कुपवाडच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते. शाळा साताऱ्याला, इंग्रजीतून झालेली. नोकरीसाठी सांगलीत मामांकडे राहायचे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात जुळवायचे, तोवर समोरचा निघून जायचा. हवालदार म्हणजे आमच्या फाटकावरचे पहारेकरी, पलटणीतून निवृत्त झालेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: शर्ट विरलेला, पण बाहीची घडी मोडलेली नाही.

त्यांना शब्दांचा नाद होता.

“आवं बाई, कंपनी म्हंजे नेमकं काय ओ?”

“कारखाना. व्यवसाय.”

“मग पलटणीत आमी शंभर गडी, ती बी कंपनीच. आन मेजरसाब म्हनायचं, बस, कंपनी दे. तवा नुसतं शेजारी गप बसायचं. ही कसली कंपनी?”

मामांच्या जाड शब्दकोशात मी शोधलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, शब्द मूळचा लॅटिन; अर्थ, एकत्र भाकरी खाणारे. त्यातून सोबत, मग फौजेची तुकडी, मग व्यापारी मंडळी.

मला वाटलं, चकित होतील. ते म्हणाले, “बराबर हाय की. शेवटचा गडी आल्याबिगर आमच्यात घास न्हाई. उटा आता, डबा घ्या.”

तीन दिवस मी टाळलं. चौथ्या दिवशी डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले.

भट्टीवाले रोज उशिरा यायचे; तापलेला रस साच्यांत ओतून झाल्याशिवाय भट्टी सोडता येत नाही. तोवर सगळे डबे बंद. मग जेवणाची सुट्टी संपल्याची एकची घंटा हवालदार एक वाजून दहा मिनिटांनी द्यायचे. कुणी घड्याळ दाखवलं तर म्हणायचे, “त्येला कुटं भूक लागती?”

मालकांच्या ते ध्यानात आलं. हवालदारांनी सरळ सांगितलं, “भट्टीवाल्यांचं जेवान व्हायचं असतं. बाईस्नी इचारा.”

मालकांनी मला आत बोलावलं. “भट्टीवाले खरंच जेवत असतात, की यांच्या गप्पा चालतात?”

माझी नोकरी नवी होती. “माझं लक्ष नसतं,” मी म्हणाले.

हवालदारांना काढल्याचं पत्र संध्याकाळी मीच टाइप केलं, इंग्रजीत. ते माझ्याच टेबलाशी आले. “काय लिवलंय, बाई?”

“उद्यापासून येऊ नका, असं.”

“बरं.” कागदाची चौकोनी घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी जाऊन मी न जेवता आडवी झाले, आणि झोपूनही थकवा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या पहारेकऱ्याने ठोक्याला एकची घंटा दिली. नुकताच बसलेला भट्टीवाला अर्धी भाकरी फडक्यात बांधून, माझ्याकडे न बघता उठला. मी हात धुतले आणि मालकांच्या खोलीत गेले. न बोलावता, पहिल्यांदाच.

“हवालदार खरं बोलत होते,” मी म्हणाले. “खोटं मी बोलले.”