क्लेमच्या मनुका

न्यूलिन गावचा क्लेम ट्रेगेल हा ‘हॅरोबी’ विनाशिकेवरचा सगळ्यात गरीब स्वभावाचा खलाशी, आणि त्याचंच नाव पडलं होतं मनुकाचोर. गेल्या नाताळात पुडिंगसाठी मनुकांच्या बिया त्यानं काढल्या, आणि पुडिंगात मनुका शोधायची वेळ आली. तेव्हापासून कुणाचा मोजा हरवला तरी संशय क्लेमवर.

यंदा त्यानं हट्टच धरला, बिया मीच काढणार. नावाला लागलेला डाग त्याला मनापासून खुपत होता.

आता युद्धनौकेवर शीळ घालायला बंदी. हुकूम शिट्टीवर सुटतात, उगाच घोटाळा नको. बिया काढणाऱ्यानं मात्र शीळ घालायचीच, कारण शीळ घालणारं तोंड खाऊ शकत नाही. पंचाईत अशी, की रशियाच्या वाटेवरच्या वादळात क्लेम शिडीवर आपटला आणि पुढचे दोन दात गमावून बसला. शीळ घालायला जावं तर नुसती फुसफुस.

"शीळ नाही, तर मनुका नाहीत," मेसचा म्होरक्या माल्टबी म्हणाला.

"मग गातो," म्हणत क्लेमनं चर्चमधलं भजन सुरू केलं.

"अरे, त्यापेक्षा खा बाबा त्या मनुका!" कोपऱ्यातून कुणीतरी कळवळलं.

तेवढ्यात पाणबुडीच्या धोक्याची घंटा झाली. क्लेमची जागा पिछाडीला, समुद्रात बॉम्ब ढकलणाऱ्यांत. मनुकांचं वाडगं मागे ठेवावं, तर कोण हात मारील याचा नेम नाही. त्यानं ते कोटात खुपसलं आणि गातगातच धावला. बॉम्ब फुटत होते, पाणी उसळत होतं, आणि हा पठ्ठ्या तिसरं कडवं आळवत होता.

"तोंड बंद कर, ट्रेगेल!" अधिकारी खेकसला.

"नाही जमायचं, साहेब! माझ्याजवळ मनुका आहेत!"

पाणबुडी बुडाली की पळाली, देव जाणे. नाताळला पुडिंग कापलं, तर आत मनुका खच्चून भरलेल्या. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माल्टबीनं पहिला तुकडा स्वतःच्या हातानं क्लेमपुढे ठेवला.

"चुकलं गड्या आमचं. खा."

क्लेमनं ताटली परत सरकवली. "नको. लहानपणापासून मनुका माझ्या घशाखाली उतरत नाही."

"मग गेल्या वर्षीच सांगायचं ना, गाढवा!"

"सांगितलं होतं," क्लेम म्हणाला. "सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास."