पाटीमागची पिल्लं

गल्लीत तिला सगळे चोचमावशी म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. एकोणीस वर्षं बिनआईची पाखरं वाढवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? चपलांच्या खोक्यात मऊ फडकं, फडक्याखाली कोमट पाण्याची बाटली, आणि चिमट्याच्या टोकावर भिजवलेलं मांजराचं खाद्य. हो, मांजराचंच, त्यावर पिल्लं छान बाळसं धरतात. दुकानदार दर वेळी विचारी, "काय, मांजर किती मोठं झालं?" आणि ही म्हणे, "उडून गेलं." उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाला घास, आणि मधल्या वेळात शिलाई मशीनवर लोकांच्या पॅन्ट आखूड करणं. कुणी फार शहाणं पिल्लाच्या चोचीत पाणी ओतायला गेलं, तर ती सरळ त्याचा हात धरी. "फुप्फुसात जाईल. जीव घ्यायचाय का त्याचा?"

पिल्लं आणून देई तिचा नवरा. तो दुकानांच्या पाट्या बसवणारा माणूस, अर्धं आयुष्य शिडीवर गेलेलं. पाट्यांच्या मागे साळुंक्या घरटी करतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "आईबाप मेलेत गं बिचाऱ्यांचे," म्हणत तो शर्टाच्या खिशातून उघडंवाघडं पिल्लू काढी आणि तिच्या ओंजळीत ठेवी. बोलायला कमी, पण मनानं लोणी, असं ती त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगे.

पहिलं पिल्लू आलं तेव्हा तिची आठ दिवसांची मुलगी जाऊन महिना झाला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. जेवण नाही, बोलणं नाही. त्यानं खोकं उशाशी ठेवलं, आत चिवचिव झाली, आणि ही उठून बसली. पिल्लाला घास देता देता त्या दिवशी स्वतःही दोन घास जेवली. पुढे मूल काही झालं नाही. पण "ज्यांना आई नाही त्यांची मी आहे," असं ती छातीठोकपणे म्हणे. या एका वाक्यावर ती बाई उभी होती म्हणा ना.

त्या दिवशी नवरा फोन घरीच विसरला. गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. "एक दिवस डोकं विसरून जाल," असं रिकाम्या घराला सुनावून ती निघाली. औषधाच्या दुकानाची पाटी लावायला तो गेला होता, घरापासून चार गल्ल्या.

औषधाच्या दुकानाची पाटी लागून चकाचक दिसत होती. शिडी मात्र शेजारच्या चष्म्याच्या दुकानाला टेकलेली. त्या पाटीला काहीएक झालेलं नव्हतं. नवरा वर उभा, हात कोपरापर्यंत पाटीमागे. त्याच्या डोक्याभोवती दोन साळुंक्या भिरभिरत होत्या. एक जीव तोडून ओरडत होती. दुसरीच्या चोचीत अळी होती, ती न सोडताच त्याच्या कानावर झडप घालत होती. मावशीला ती अळी काय ते लगेच कळलं. तो घास होता.

त्यानं कोपरानं साळुंकीला उडवलं, दोन पिल्लं खिशात ठेवली आणि तो खाली उतरू लागला.

"दर वर्षी नेतात," चष्मेवाला कौतुकानं तिला म्हणाला. "घरी म्हणे फार छान सांभाळतात."

शेवटच्या पायरीवर नवऱ्यानं मान वळवली आणि तिथंच थिजला.

"आईबाप मेलेत ना?" ती म्हणाली.

"घरी बोलू."

"वर चढा."

"अगं, ऐक तर."

"आधी वर चढा. होती तिथं ठेवा."

तो चढला. पिल्लं आत ठेवून उतरला, शिडी बाजूला घेतली. अळीवाली साळुंकी तारेवर जरा वेळ बसली, मग पाटीमागे शिरली. आतून चिवचिवाट झाला. मावशी मटकन दुकानाच्या पायरीवर बसली.

"किती?" तिनं विचारलं.

"पाटी काढताना मोडलेली घरटी पण होती त्यात."

"मी किती विचारलं."

"बरीचशी." तो तिच्याशेजारी बसला. "हंगाम आला की तू खोकं पुसून ठेवायचीस. संध्याकाळी दारात उभी राहायचीस. रिकाम्या खिशानं कसा येऊ?"

एकोणीस वर्षं. आपण वाढवलेल्या एकेका पिल्लामागं कुठल्या तरी पाटीवर कुणी तरी असं ओरडत होतं, हे तिच्या डोक्यात शिरत होतं आणि शिरता शिरत नव्हतं.

"आणि पहिलं?"

त्यानं शिडीकडे बघितलं. "त्याची आई दोन दिवस पाटीवरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्या रस्त्यानं गेलोच नाही."

तिनं डोळे मिटले.

"तेव्हाच सांगितलं असतं," तो खाली बघत म्हणाला, "तर तू मला ते परत ठेवायला लावलं असतंस. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असतीस."

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"नसतं लावलं," ती म्हणाली.