मालकाच्या हातानं

मी लिहिलेला सर्वांत निर्दोष करारनामा माझ्या सासरेबुवांच्या कपाळावर आदळला.

सासरेबुवा वलगावचे. काळ्या जमिनीचे धनी, धिप्पाड अंग, वर पागोटं. धाकटी मुलगी, म्हणजे माझी मेहुणी, लग्नाची झाली तेव्हा त्यांनी अमरावतीत घर बांधायचं मनावर घेतलं. ठेकेदार घरचाच होता, माझा थोरला भाऊ. दादा आजवर तोंडी बोलीवर घरं बांधत आलेला. कुरबूर झाली की चहा पाजायचा आणि मिटवायचं, एवढाच त्याचा कायदा. मी मात्र नुकताच नागपूरहून वकील होऊन आलो होतो.

"ठेकेदाराचे निम्मे तंटे कागद नसल्यानं होतात," मी दादाला सुनावलं.

"अन् उरलेले?"

(उरलेले कागद असल्यानं होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

मी दोन ठिकाणी शहाणपणा केला. सासरेबुवा त्या साली अकोटच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, भागीदार होत होते. भागीदारी बुडाली तर निदान घर वाचावं म्हणून मी जागा सासूबाईंच्या नावावर घ्यायला लावली. आणि करारात जुन्या रिवाजाला धरून लिहिलं, 'सर्व मापे मालकाच्या हाताने घ्यावीत. दर्शनी दार चार हात उंच.' घरधन्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत काठी तोडायची आणि त्या काठीनं घर मोजायचं, अशी तेव्हा पद्धत होती.

कापसाचा हंगाम लागला आणि सासरेबुवा अकोटला जाऊन बसले. काठी तोडायची वेळ आली तेव्हा दादा कोर्टात माझ्याकडे आला.

"कागदात मालक लिवलं हाय. मालक कोन?"

"कायद्यानं सासूबाई," मी म्हणालो. चार अशील ऐकत होते, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणालो.

"पक्कं ना?"

"दादा, कायदा आहे."

सासूबाई सासरेबुवांच्या खांद्यालाही लागत नसत. देखरेख माझ्याकडे होती. ती मी टांग्यात बसल्याबसल्या रस्त्यावरूनच केली. दार मला शोभिवंत वाटलं.

हंगाम उरकून सासरेबुवा आले ते बातमी घेऊनच. मेहुणीची सोयरीक अचलपूरला जुळत आली होती आणि मुलाचे वडील दुसऱ्याच दिवशी सुपारी फोडायला येणार होते. सासरेबुवा ऐटीत नव्या दारातून आत शिरले. पागोटं बाहेरच राहिलं.

"हे दार हाय का खुराडं?" ते कपाळ चोळत म्हणाले.

"करारापरमानं हाय," दादा म्हणाला. "मालकाच्या हातानं चार हात."

"मालक मी हावो! ही मले लग्नापासून मालक म्हनते. इचारा तिले."

"म्हनते ना," सासूबाई म्हणाल्या.

"पन कागदानं मालक ह्या हायेत," दादा म्हणाला. "वकीलसाहेबानंच सांगतलं."

दोघंही माझ्याकडे वळले. (माझी बायकोसुद्धा चारचौघांत मला 'आमचे मालक'च म्हणायची. पण करार लिहिताना घरातलं ऐकतो कोण?)

"उद्या व्याही येतीन," सासरेबुवा मटकन खाली बसले. "मुलाकडच्यानं मुलीच्या दारात मान वाकवायची काय? सोयरीक मोडन माह्या पोरीची. मी ठेकेदारावर दावा लावतो. जावईबापू, वकीलपत्र घ्या."

"मंग मीबी लढतो," दादा म्हणाला. "भाऊ, माहं वकीलपत्र घे."

आतून बायको म्हणाली, "आमच्या बाबाच्या इरोधात उभे राहाल तं मी इथंच राहीन. माहेर नवंकोरं बांधून तयार हाय."

मी सगळ्यांना सामोपचाराचा सल्ला दिला. कुणी ऐकला नाही. शेवटी व्याही यायच्या आत दार उंच करायचं ठरलं. दादा चौकट काढायला पहार घेऊन आला, तेव्हा सासूबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"वलगावच्या घरात फडताळ, खुंट्या, शिंकं, सारं ह्यायच्या हाताचं हाय. लग्न झाल्यापासून मी पाटावर चढून राहिली. तवा कोनी पहार आनली नाई. हे एक दार माह्या हाताचं हाय. राहू द्या."

सासरेबुवांनी दादाला पहार खाली ठेवायची खूण केली. मला त्यांचं वाईट वाटलं, पण सासूबाईंचं जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. ते सासरेबुवांपेक्षाही वीतभर उंच निघाले. आत बरोबर दारासमोर सासूबाई ओवाळायचं तबक घेऊन उभ्या. व्याही वाकून आत शिरले ते थेट त्यांच्या पायांशीच.

"सुखी राहा," सासूबाई म्हणाल्या.

सासरेबुवांनी डोळे मिटले. व्याह्यांनी वाकल्यावाकल्याच वर पाहिलं.

"दार कोनाच्या मापाचं हाय?"

"माह्या. जलमभरात तेवढंच एक."

व्याही मोठ्यानं हसले. "मंग पोरीच्या हाताची काठी तोडून द्या. आमचं सैपाकघर तिच्याच मापानं करून घेतो."

सुपारी फुटली. सैपाकघराचं काम दादालाच मिळालं. सासरेबुवा पुढं जन्मभर त्या दारातून वाकून आत येत आणि येताना "आलो, मालक" म्हणत. दादानंही तंटे टाळायला कायमचा नियम केला. करार लेखीच करायचा, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्या घरातल्या बाईला विचारायचा, आणि वकील भावाला काहीच विचारायचं नाही.