बाटली न भरणारे गफूरचाचा

गफूरचाचा गेल्याचं मला शेजारच्या कुसुमने सांगितलं, तेही कपडे वाळत घालता घालता. वर म्हणाली, "अगं, साधे कंपाउंडर तर होते. एवढं काय रडतेस?" महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय. हो, होते कंपाउंडर! आणि माझ्या घरातला माणूस आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कामतघरला चाळीत राहायचो, आमचे हे लूमवर कापड विणायला. धागा तुटेल म्हणून लूम सोडायचा नाही, दिवसभर नुसता चहा, आणि शिफ्ट सुटली की खानावळीत झणझणीत मटण. पोटात आग पडायची. दवाखान्यातून गुलाबी पाचक मिळायचं, सगळ्या लूमवाल्यांचा तोच इलाज... हे तर एकाच्या जागी दोन डोस घ्यायचे. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते मात्र माझ्यापासून लपवलं.

रिकामी बाटली घेऊन मी गेले तेव्हा चाचांनी औषधाच्या खिडकीतून विचारलं, "वहिनी, भाईंना दुखतं केव्हा? जेवल्यावर की उपाशी?"

"उपाशी."

"मग ही बाटली मी भरणार न्हाय."

"तुम्ही काय डॉक्टर आहात का?" मी भडकलेच.

"न्हाय. म्हणून तर करून दाखवतो. उद्या त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ह्यांना ओढतच नेलं. सुया उकळायच्या भांड्याशेजारी, उबेला, रात्रीपासून ठेवलेल्या दोन बाटल्या. दोन्हींत पाचक, पोटात असतं तसं थोडं तेजाब, म्हणजे ॲसिड, आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा तुकडा. एकीत वर तेजाब मारणारं पांढरं औषध. तिच्यातलं अंडं जसंच्या तसं. दुसरीतलं विरघळून नुसत्या चिंध्या. "पाचकात पेप्सीन हाय," चाचा म्हणाले. "तेजाबाच्या जोडीनं ते मांस पचवतं. पण आत जखम असली तर? भाई, पेप्सीन को क्या मालूम, मांस बोकडाचं की तुमचं?" ह्यांचा चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे काळ्या शौचाचं कबूल केलं.

डॉक्टर मागेच उभे होते. "बाटली भर, नाहीतर घरी जा." चाचांनी औषधांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि आम्हाला घेऊन थेट ठाण्याचं मोठं इस्पितळ गाठलं. अल्सर निघाला, आतून रक्त जात होतं. पाचक बंद झालं, पांढरं औषध सुरू झालं, हे वाचले. चाचा मात्र पुढे वर्षभर कारखान्यात सुताच्या कांड्या भरत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते हसायचे. "कांडी भरली तर कुणाचं पोट न्हाय फाटत, वहिनी."

खूप पुढे वाचलं, अल्सरचं मूळ बऱ्याचदा एका जंतूत असतं. मी मुद्दाम त्यांना सांगायला गेले. म्हणाले, "बरं, दार जंतूनं फोडलं. आत शिरून लुटलं कुणी?" हार मानतील तर शपथ!

त्यांनी न भरलेली ती बाटली, डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवलेली, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. परवा कुसुम आली. पोटात जळतंय, पाचक असलं तर दे म्हणाली. माझी नजर बाटलीवर गेली.

"दुखतं केव्हा? जेवल्यावर की उपाशी?"

"उपाशी. का गं?"

"पाचक मिळणार नाही. चल, दवाखान्यात."

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

"नाही," मी म्हटलं. "साध्या कंपाउंडरकडून शिकलेय. चप्पल घाल."