धुतलेला हत्ती

लेकराची मऊ खेळणी मशीनमध्ये कशी धुवायची, हे मी अख्ख्या गल्लीला शिकवलंय. आधी शिवणी चाचपायच्या. डोळा-बटण ढिलं असेल तर टाका घालायचा. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, साबण बेताचा, दोनदा चांगलं खळबळायचं आणि आतून खडखडीत वाळेपर्यंत लेकराच्या हाती द्यायचं नाही. यातलं एकही मी चुकले नाही. आधीच सांगून ठेवते, कारण नंतर लोकांनी मशीनलाच नावं ठेवली.

माझं माहेर पाटोद्याचं, दिलं बीडला. सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्या तलवाड्याच्या. माझा पहिला मुलगा पाळण्यातच गेला. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, आत्या म्हणाल्या दृष्ट. मग ही पोरगी झाली आणि आम्ही दोघी डोळ्यांत तेल घालून बसलो. मी तिचं एकूण एक फडकं उकळून घ्यायची. आत्यांनी पाळण्याला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला, तो मी सोडून टाकला. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, टरारून फोड येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तोंडात घातला म्हणजे काय करायचं?" मी म्हणाले.

आत्या तो उचलून आत गेल्या. मला वाटलं, पटलं असेल.

पोरीच्या मामानं बारशाला राखाडी रंगाचा मऊ हत्ती आणला होता. त्याच्याशिवाय तिला झोप नाही. सोंड तोंडात, पोट गालाखाली. लाळेनं त्याला आंबूस वास यायला लागला, म्हणून नळाला पाणी आलं त्या दिवशी मी तो धुवायला घेतला. चांगलं गरम पाणी घातलं. गच्चीवर तारेला टांगला. बीडचं ऊन, दिवसभर भाजून निघाला. उतरवताना पोटावर काळपट डाग दिसला. म्हटलं, तारेचा गंज असेल मेला. बोटानं चोळून पुन्हा धुतला, पुन्हा वाळवला आणि मग पोरीला दिला. तिनं त्याला असं कवटाळलं की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा गाल टम्म सुजलेला, डोळा गच्च मिटलेला, वर बारीक फोड. माझ्या बोटांचीही आग आग होत होती. "अगं आई गं, हे काय झालं!" मी ओरडले. आत्या धावत आल्या. पोरीच्या फोडांकडं बघितलं, मग माझ्या बोटांकडं.

"बिब्बा उतलाय गं," त्या म्हणाल्या. "म्या घातला व्हता. हत्तीच्या पोटात. तू पाळण्याचा सोडलास म्हणून."

हत्तीची शिवण उसवून, सुईनं टोचलेला बिब्बा कापसात पार खोल दडवून, त्यांनी ती पुन्हा शिवली होती. हात इतका सफाईदार, की चाचपून मला कळलं नाही. गरम पाण्यानं आणि उन्हानं तेल सुटलं. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

दवाखान्यात डोळ्याचं काय होईल ते कुणी सांगेना. सूज उतरू द्या, म्हणाले. बाहेर बाकड्यावर माझा नवरा आपल्या आईला म्हणाला, "आता लेकराला हात लावू नको तू. एक गेलंय, हे बी घालवतीस का?" खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला बरं वाटलं. जीव जळत होता माझा.

डोळा वाचला. गालावरचा डागही हळूहळू फिका पडला. हत्ती मी जाळायला निघाले, तर आत्यांनी अडवलं. बिब्ब्याचा धूरही उततो म्हणाल्या. त्यांनीच तो लांब पुरायला लावला.

पण त्या दिवसापासून त्यांनी पोरीला घेतलं नाही. नवरा हाता-पाया पडला. मीही म्हणाले, "आत्या, झालं गेलं. घ्या की हो तिला."

"नगं. माझ्या हाताला यश न्हाई."

पोरगी रांगत जवळ गेली की त्या हात पदराखाली घेतात. ती मांडीवर चढायला बघते, त्या पाय आखडून घेतात. लई राग येतो मला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. नवं खेळणं आणलं की अजूनही मी आधी त्याचं पोट उसवून बघते, मगच मशीनमध्ये टाकते.

आता पोरगी चुरूचुरू बोलते. परवा तिनं मगातल्या पाण्यात बाहुली बुचकळली, पिळली आणि सगळ्यांना वाळवायला दिली. आधी मला, मग बापाला.

"आजीला पण दे की," मी म्हणाले.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोरीनं त्यांच्याकडं नीट बघितलं.

"आजीला हात न्हाईत," ती म्हणाली.

आत्यांनी हातांवरचा पदर आणखी पुढं ओढला.

"व्हय बाळा. न्हाईत."