चावी काढली का

नव्वदच्या दशकात लखनौला आम्ही बँकेतली सात-आठ मराठी कुटुंबं होतो. रविवारी गोमतीवर एका क्लबची जुनी मोटरबोट मिळायची. ती चालवायला शिकलेला मी एकटाच, त्यामुळे बोटीची जबाबदारी माझी. शिकवणाऱ्याने एक गोष्ट बजावली होती: बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याला हात लावण्याआधी चावी काढून खिशात टाकायची.

त्या दुपारी पंख्यात जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, अडकली आणि इंजिन बंद पडलं. काठावर बायका-मुलं आपल्या फेरीची वाट बघत होती. अलीगंजमधला माझा शेजारी, आमच्या मंडळात पेटी वाजवणारा, बोटीच्या मागच्या टोकाला ओणवा झाला.

"चावी काढलीस ना रे?"

"काढली. घाल हात. पेटीपेक्षा सोपं आहे."

काढली नव्हती. गंजल्या जागेत ती परत बसवायला फार खटपट करावी लागायची, आणि मला कंटाळा आला होता. एवढंच. त्याने पाल्याचा पुंजका उपसून फेकला. मला वाटलं झालं, मी चावी फिरवली. उरलेलं मूळ ओढायला त्याचा हात पुन्हा आत गेला होता. इंजिन गिअरमध्येच होतं, तेही मी पाहिलं नव्हतं.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

इस्पितळात वहिनींनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला न सांगताच हात घातला त्याने." तो खाटेवर जागा होता. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या गणपतीत पेटीवर दुसरा कोणी होता. हा टाळ घेऊन बसला. वहिनी येईल त्याला सांगायच्या, "घाई नडली यांची. दोन मिनिटं धीर नाही माणसाला." तो हसायचा. मी प्रसादाचं ताट घेऊन पुढे सरकायचो. माझी बदली होईपर्यंत दरवर्षी हेच.

गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "काका, आई आज भी पापा को वही सुनाती है, बोटवाली बात."

मी थकलो होतो. तिला सगळं सांगून टाकलं.

तिने विचारलं, "पापा को मालूम है?"

"त्याच दिवसापासून."

"तो फिर आई को बताइए."

फोन दे त्यांना, म्हणालो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आणि "कोण आहे गं?" करत वहिनींचा आवाज जवळ येऊ लागला.